सरकारी हिरवळ आणि भिंगरी

गवत हे जनावरांनी खायचं असतं, माणसांनी त्यावर बसून चहा प्यायचा नसतो, एवढं शहाणपण अणदुरातल्या शेंबड्या पोरालाही होतं. नव्हतं ते फक्त दोघांना. एक आमचे अमीनसाहेब आणि दुसरा मी. अमीनसाहेबांचं त्यावाचून अडत नव्हतं, कारण ते साहेब होते. मी करोडगिरीच्या नाक्यावरचा मुहर्रिर, म्हणजे जकातीचा कारकून, आणि साहेबापेक्षा जास्त शहाणं दिसणं कारकुनाला परवडत नाही. त्यामुळं पुढं जे झालं त्यात माझा दोष नाही, असं मी आजही मानतो. वनमालेचं मत वेगळं आहे, पण ते तिचं नेहमीच वेगळं असतं.

लढाईचे दिवस होते. सोलापूर इंग्रजांचं, अणदूर निजामाचं, आणि मधे आमचा नाका. येणाऱ्याजाणाऱ्याच्या गाठोड्यात हात घालायचा सरकारी हक्क मला होता आणि तो मी अत्यंत सभ्यपणे बजावत असे. माघ महिन्यात एके दिवशी सदर कचेरीतून हुकूम आला की मुहर्रिर अंबादास यांचा तबादला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गोदावरीकाठच्या जंगलातल्या नाक्यावर करण्यात येत आहे. तिथला आधीचा मुहर्रिर हिवतापानं गेला होता. त्याच्या आधीचा राजीनामाही न देता पळाला होता, आणि त्याचं नाव खात्यात अजून हुशार माणूस म्हणून घेतलं जाई.

मला भीती वाटली, हे कबूल करायला लाज कसली? वनमालेला माझ्याहून जास्त वाटली. आधीच्या दोन बदल्यांत तिचं कुणाशी पटलं नव्हतं. अणदूरला मात्र शेजारच्या पार्वतम्मांनी तिला लेकीसारखं पदराखाली घेतलं होतं. पार्वतम्मा म्हणजे आमचे घरमालक कल्याणप्पा यांच्या विधवा चुलती. घरात कानडी, आमच्याशी मराठी आणि देवाशी दोन्ही बोलायच्या. गेल्या वर्षी वनमालेचं मूल पोटातच गेलं तेव्हा या बाईंनी महिनाभर तिला चुलीपाशी जाऊ दिलं नव्हतं. "तुम्हाला जंगलात जायचं तर खुशाल जा," वनमाला म्हणाली, "मी हे दार सोडून हलणार नाही." हे दार कल्याणप्पाचं आहे, असं मी म्हणणार होतो, पण वेळ बरी नव्हती.

आमच्या नाक्याचे प्रमुख अमीनसाहेब गुलाम दस्तगीर हे मूळचे हैदराबादचे. अणदूरची माती, अणदूरची धूळ आणि अणदूरचा चहा या तिन्ही गोष्टी त्यांना एकच वाटायच्या. मी हुकूम घेऊन रडतखडत त्यांच्यापुढं गेलो तेव्हा त्यांनी दाढी कुरवाळली आणि सांगितलं की चैत्रात मुहतमीमसाहेब दौऱ्यावर येणार आहेत. मुहतमीमसाहेब म्हणजे आमच्या खात्यातले अमीनसाहेबांचेही बाप. "वो चाय सब्ज़े पे बैठ के पीते," अमीनसाहेब म्हणाले. "तुम सब्ज़ा उगाओ, मियाँ. तबादला मैं रुकवाता हूँ."

नाक्यापुढं मुरूम होता आणि त्यावर दिवसभर गाड्या उभ्या असायच्या. माझ्या घरापुढं मात्र कल्याणप्पाची मोकळी जागा होती आणि ती नाक्याला लागून होती. सब्जा तिथं लावायचं ठरलं. घरमालकाला विचारायचं राहून गेलं.

आता सब्जा म्हणजे हिरवळ आणि हिरवळ म्हणजे शेवटी हरळी. आमच्या भागातला शेतकरी जन्मल्यापासून हरळी खणत असतो आणि मेल्यावर त्याच्या बांधावर पहिली हरळीच येते. पण अमीनसाहेबांना गावठी हरळी नको होती. सोलापुरात कुण्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यापुढं त्यांनी एकदा गवत पाहिलं होतं, तेच हवं होतं. मी तिथल्या माळ्याला गाठून मातीसकट कापलेल्या लाद्या बैलगाडीत घातल्या आणि वर ओलं पोतं टाकून निघालो. वाटेत कल्याणप्पा भेटले. त्यांनी पोतं उचलून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि गाडीच्या चाकाला धरून खाली बसले.

"पंत," ते म्हणाले, "माझ्या बापाचं आयुष्य हरळी काढण्यात गेलं. माझं चाललंय. आन् तुमी ती सोलापूरहून आणताव?"

ही विलायती आहे, असं मी त्यांना कोरडेपणानं सांगितलं. गावभर ती बातमी माझ्या गाडीच्या आधी पोचली.

पण खरी पंचाईत नाक्यावर झाली. माझ्याच नाक्यावर माझीच गाडी अमीनसाहेबांनी अडवली. दोस्ती आपल्या जागी आणि कायदा आपल्या जागी, असं त्यांचं म्हणणं. माल काय म्हणून लिहायचा? चारा म्हणून लिहावा तर चारा खाली पसरून कुणी त्यावर चहा पीत नाही. रोपं म्हणून लिहावीत तर रोपांना मुळाशी एवढी माती नसते. आणि मातीचं काय? इंग्रजांची माती आलाहजरत निजामांच्या मुलखात उतरवायला परवानगी लागते का, हे कुणालाच माहीत नव्हतं. अमीनसाहेबांनी वर विचारणा केली. उत्तर येईपर्यंत गाडी नाक्यावर उभी. मी रोज तिला पाणी घालायचो. गवत गाडीतच जोमानं वाढायला लागलं आणि एका बाजूनं बैल ते खायला लागले. येणारेजाणारे थांबून बघत आणि "पंतांनी गाडीत शेती केलीया" म्हणत. आजवर ज्यांच्या गाठोड्यात मी हात घातला होता ते सगळे त्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून नाक्यावरून गेले. शेवटी वरून उत्तर आलं की असा प्रश्न पूर्वी कधी उद्भवलेला नसल्यामुळं तो उद्भवला नाही असं समजावं. त्याचा अर्थ काय, यावर अमीनसाहेबांनी आणि मी बराच खल केला आणि गाडी सोडली.

गवत लागलं. काळी माती, कल्याणप्पाच्या विहिरीचं पाणी आणि वनमालेचं धुणंभांड्याचं पाणी, यावर ते असं फोफावलं की फाल्गुनात सगळ्या अणदुरात हिरवं असं तेवढंच उरलं. कल्याणप्पाची म्हैस दावं तोडून दोनदा येऊन गेली. शेणी लावायला केवढी जागा वाया गेली म्हणून पार्वतम्मा हळहळल्या. अमीनसाहेब रोज संध्याकाळी बूट काढून त्यावर फिरत आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. मी दाराशी उभा राहून ते बघायचो. त्या दिवसांत मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. माणसाला असं वाटायला लागलं की समजावं, काहीतरी येतंय.

आलं ते कुत्रं.

पौषात आमचे खंडोबाराय नळदुर्गाहून अणदूरला परततात. त्या वर्षी पालखीच्या मागं मागं एक तांबूस कुत्री चालत आली आणि देव देवळात गेल्यावर ती गावातच राहिली. खंडोबाच्या मागं आलेलं कुत्रं म्हणजे देवाचं कुत्रं. त्याला कुणी हाड म्हणत नाही, दगड मारायची तर गोष्टच सोडा. पार्वतम्मा तिला रोज भाकरी घालायच्या. बसण्याआधी ती स्वतःभोवती गरागरा फिरायची म्हणून पोरांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. दीडएक महिना ती देवळापाशी होती. मग तिला माझी हिरवळ दिसली.

सुरुवातीला मला काही कळलंच नाही. सकाळी उठून पाहिलं तर हिरवळीच्या मधोमध भाकरीएवढा पिवळाजर्द गोल. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरा. गंमत म्हणजे गोलाच्या कडेचं गवत मात्र आधीपेक्षा हिरवं आणि उंच, जणू कुणी चौकट काढली होती. अमीनसाहेब म्हणाले मातीत मुंग्या. कल्याणप्पा म्हणाले विलायती वाण, हितलं ऊन सोसंना. वनमाला म्हणाली, "भिंगरी तिथं बसते." आम्ही तिघांनी तिच्याकडं दुर्लक्ष केलं आणि मुंग्यांसाठी राख टाकली. त्यानंतर भिंगरी माझ्या डोळ्यांदेखत आली, राखेचा वास घेतला, गरागरा फिरली आणि बसली.

आता कुत्रा असता तर त्यानं खांब शोधला असता, कुंपण शोधलं असतं, निदान कडेला गेला असता. कुत्रीची जात मऊ जागा बघून मधोमध बसते. आणि सगळ्या तालुक्यात मऊ जागा एकच होती, ती मी केलेली.

मारायची सोय नव्हती. मी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं तर अमीनसाहेब म्हणाले, मुहतमीमसाहेबांना तुम्ही कोंडवाड्यात चहा देणार का? काढलं. मग माझ्या लक्षात आलं की ती उठल्याबरोबर त्या जागी भरपूर पाणी ओतलं तर डाग पडत नाही. झालं, मी पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन तिच्या मागं फिरायला लागलो. ती पुढं, मी मागं. ती थांबली की मी थांबायचो. सकाळच्या वेळी हातात तांब्या घेऊन घाईघाईनं चाललेल्या माणसाबद्दल गाव एकच समजूत करून घेतं. लोक आदरानं वाट सोडायला लागले. कल्याणप्पांनी आपल्या किराणा दुकानातून ओव्याची पुडी पाठवली आणि पोट बरं नसेल तर दोन दिवस भातावर राहा असा निरोप दिला. सरकारी नोकराची यापेक्षा जास्त बेअदबी निजामाच्या राज्यात कुणाची झाली असेल असं मला वाटत नाही.

मी त्यांच्याकडं जाऊन खरी गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी दुकानातल्या दुकानात निदान केलं. कुत्रीच्या अंगात उष्णता आहे. उष्णतेनं गवत जळतं. तिला ताक पाजा, आपोआप थंडावेल. हे मला पटलं. पटू नये असं त्यात काही नव्हतं. वनमाला रोज सकाळी परळभर ताक तिच्यापुढं ठेवायला लागली. भिंगरीला ताक फार आवडलं. ती परळ चाटूनपुसून रिकामं करायची आणि आधी दिवसातून दोनदा हिरवळीवर बसायची ती आता दिवसभर बसायला लागली. थंडाव्याचा म्हणाल तर कुठं पत्ता नव्हता.

मेलेलं गवत खरवडून काढायचं आणि कडेच्या चांगल्या गवताचे तुकडे कापून तिथं बसवायचे, असंही करून झालं. वनमालेनं माझ्या जुन्या धोतराला जशी ठिगळं लावली होती, तशी मी हिरवळीला लावत बसलो. पण ठिगळासाठी कापड कुठून तरी कापावं लागतं. कडा उघड्या पडत चालल्या आणि मधले डाग काही सरेनात. मुहतमीमसाहेब यायला पंधरवडा उरला होता. अमीनसाहेबांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की जळलेल्या मातीला चुना घालावा. पांढऱ्या चुन्याची फक्की मी प्रत्येक पिवळ्या गोलात टाकली, आणि बदलीचं सामान कुठल्या पेटीत भरायचं याचा मनात हिशोब करायला लागलो.

इकडं गावात माझ्याबद्दल वेगळंच बोललं जात होतं, ते मला फार उशिरा कळलं. ब्राह्मण माणूस, त्यात जकातवाला, रोज पहाटे उठून देवाच्या कुत्र्याला ताक पाजतो, तिच्या मागं तांब्या घेऊन अनवाणी फिरतो, ती बसली त्या जागी पाणी सोडतो. एवढी भक्ती देवळाच्या गुरवातही नव्हती. आणि फळ काय मिळालं बघा: त्याच्या अंगणात जागोजाग भंडारा उमटला. खंडोबाचा भंडारा म्हणजे हळद, आणि माझ्या हिरवळीवरचे डाग तर हळदीपेक्षा पिवळे.

पहिल्या रविवारी चार बाया आल्या. दुसऱ्या रविवारी सिदू वाघ्या आला. वाघ्या म्हणजे खंडोबाला वाहिलेला माणूस, तो स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो. सिदूनं दाराशी उभं राहून रिवाजाप्रमाणं भुंकून वर्दी दिली, आणि माझ्या हिरवळीवर आडवा झाला. त्याच्या मागं अर्धं गाव होतं. मला राहवलं नाही. फसवणूक माझ्या स्वभावात नाही, आणि शिवाय गवत तुडवलं जात होतं. मी ओट्यावर चढलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं की लोकहो, हा भंडारा नव्हे, हे कुत्र्याचं मूत आहे.

कुणी दचकलं नाही. एकजणसुद्धा हसला नाही. सिदूनं पडल्या पडल्याच मान वर केली.

"व्हय पंत, ठाऊक हाय की," तो म्हणाला. "पर कुत्रं कुणाचं?"

  लोकांनी "येळकोट" म्हणत मुठी मुठी भंडारा उधळला. तो डागांमधल्या चुन्यावर पडला, वनमालेनं सकाळी टाकलेल्या पाण्यानं भिजला, आणि बघता बघता लालभडक झाला. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. मी तेही सांगितलं. पार्वतम्मा म्हणाल्या, कुंकू असंच करत्यात बा, आमी काय न्हाय म्हनतो का? पर हितं कुनी केलं न्हाय, हितं झालं. आणि त्यांनी मळवट भरला.

त्यानंतरचे दिवस मी फक्त बघत राहिलो. सोलापूरकडची, अक्कलकोटकडची माणसं गाड्या जोडून यायला लागली. माझ्या ओट्यावर नारळ फुटत. कल्याणप्पांनी किराणा बाजूला सारून हळद, खारीक आणि खोबरं मांडलं आणि मला भेटले की डोळे मिटून हात जोडू लागले. त्यांच्या जागेचं भाडं मागायचं मात्र ते विसरले नाहीत. अमीनसाहेब तर माझ्याशी बोलेचनात. हिरवळीवर आता हिरवं म्हणून फक्त कडेचे गोल उरले होते, बाकी पिवळं, लाल आणि नारळाच्या शेंड्या. ते एकदाच जवळ आले, सगळ्यावरून नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, "ये क्या करके रख दिये, मियाँ?" वनमालेनं ट्रंका काढून पुसायला घेतल्या. पार्वतम्मा तिच्याजवळ बसून राहिल्या.  गवत राखता आलं नाही म्हणून या घराचा चुलीसकट उजेड जाणार होता.

मुहतमीमसाहेब आले ते नेमके रविवारी. त्यांच्या मोटारीला वाट मिळेना. नाक्याच्या फाटकापाशी उतरले, उंच, गोरे, हातात चांदीच्या मुठीची काठी. समोर शेदोनशे माणूस, मधोमध भुंकणारा सिदू आणि लाल-पिवळ्या गोलांच्या बरोबर मध्ये, ताक पिऊन तृप्त, भिंगरी. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी बूट काढले. अदब म्हणून काढले की तिथली पद्धत म्हणून काढले, मला माहीत नाही, पण काढले, आणि कडेकडेनं चालत माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा त्यांनी तिथंच घेतला.

अमीनसाहेबांनी आधीच सांगून टाकलं की या सगळ्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही, हे जे काही आहे ते एकट्या अंबादासचं. त्यांचं हे वाक्य त्यांना फार महागात पडलं, श्रेय सगळं मला गेलं. कारण मुहतमीमसाहेबांनी गर्दीकडं बोट दाखवून एकच गोष्ट विचारली, की ही माणसं सरहद्दीपलीकडून येतात का, आणि येताना नारळ-हळद आणतात का. आणतात, मी म्हणालो. मग त्यावर करोडगिरी घेता? घेतो, हुजूर. साहेबांनी नाक्याची आमदनी आधीच पाहिली होती आणि ती एवढी कशानं फुगली हे त्यांना आता समजलं. ते अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पेला खाली ठेवला, माझा तबादला तिथल्या तिथं रद्द केला, आणि जाता जाता दारात थांबले.

"अंबादास," ते म्हणाले, "यह पीला रंग सलामत रहे. दसहरे के बाद हम फिर आएँगे. मैदान हरा मिला, तो आप जंगल में मिलेंगे."

वनमालेनं ट्रंका परत माळ्यावर चढवल्या. पार्वतम्मांनी गुळाची पोळी केली. मी आठवडाभर ताठ मानेनं फिरलो.

आणि मग आषाढात पाऊस लागला.

मी आयुष्यात कुठल्या गोष्टीसाठी एवढं तळमळलो नव्हतो जेवढं फाल्गुनात त्या हिरवळीसाठी, आणि तेव्हा ती माझ्या हातून गेली. आता मला ती नको होती तर जमिनीतून नुसती उसळून आली. डागांच्या कडेचं गवत आतल्या बाजूला पसरलं, गोल मिटत चालले. हळद टाकून पाहिली. एका सरीत वाहून गेली. शिवाय लोकांना टाकलेली हळद नको होती, ती त्यांच्याही घरी होती. त्यांना हवा होता आतून उमटलेला गोल. रविवारची गर्दी रोडावली. सिदू येऊन भुंकून बघायचा आणि निराश होऊन जायचा. मी भिंगरीला ताकात गूळ घालून द्यायला लागलो, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागलो, आणि जिच्यामागं तांब्या घेऊन धावलो तिच्या विनवण्या करायला लागलो. श्रावणात धनगरांची मेंढरं गावावरून गेली. त्यांच्यातल्या एका धिप्पाड कुत्र्याबरोबर भिंगरी गेली. मागं वळूनही पाहिलं नाही.

गावातली बाकीची कुत्री मी आणून पाहिली. पण ती सगळी नर निघाली. ताक प्यायची आणि जाऊन कल्याणप्पाच्या खांबापाशी तंगडी वर करायची. खांब पिवळा झाला असेल तर असो, त्याचा मला उपयोग नव्हता. दुसरी कुत्री आणावी तर तिला खंडोबाच्या पालखीमागं कोण चालवणार? भाद्रपद उजाडला तेव्हा माझ्या घरापुढं मखमलीसारखी अखंड, गर्द, डौलदार हिरवळ होती. अमीनसाहेब ती बघून इतके खूश झाले की त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू कोसळलं.

वनमाला दोन दिवस दारातून ती हिरवळ न्याहाळत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे, अजून चिमण्यांनी तोंड उघडलं नव्हतं, तेव्हा तिनं मला हलवून उठवलं. तिच्या हातात कंदील नव्हता. तिनं दार किलकिलं केलं आणि बाहेर बोट दाखवलं. मी समजलो नाही, असं मी सांगतो. खरं तर लगेच समजलो.

मी मराठी पाचवी आणि उर्दू सातवी शिकलेला माणूस आहे. माझे आजोबा तुळजापूरला वेदपाठ सांगायचे. मी सरकारी शिक्का ज्या हातानं मारतो त्या हाताला गावात मान आहे. हे सगळं मी तिला हळू आवाजात सांगितलं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

"जंगलात पार्वतम्मा नाहीत," ती म्हणाली, आणि दाराकडं पाठ करून उभी राहिली.

मी गेलो. अगदी मधोमध गेलो, कारण कडेला गेलं तर उपयोग नव्हता. गरागरा फिरलो नाही, एवढी अब्रू मी राखली. पण बसलो. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी दोन जागा केल्या. पाऊस उघडला होता आणि देवाला दया आली असावी. आठ-दहा दिवसांत गवतात पिवळसर गोल दिसायला लागले, कडेनं हिरवी चौकट धरून. रविवारी पहिली हाक सिदूनंच दिली, आणि संध्याकाळपर्यंत परत माझ्या ओट्यावर नारळ फुटले.

दसऱ्याच्या आधल्या सकाळी मी अंगणात उभा होतो. पार्वतम्मा काठी टेकत आल्या. त्यांनी सगळे गोल नीट पाहिले. एका गोलापाशी वाकल्या, हात जोडले, कपाळाला माती लावली. मग वळून माझ्याकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि तसेच हात मलाही जोडले. मी घाबरून मागं सरकलो. त्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणला.

"उद्यापासनं जरा पलीकडं बसा, बापू," त्या म्हणाल्या. "हितनं आमच्या खिडकीतून दिसतंय."

मी बरं म्हणालो.